दुसऱ्या वर्षाचा पैसा

सेवाभावी क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. रोटरीचे तसेच, लायन्सचेही तसेच. जुलैत पदग्रहण समारंभ होतात, नवे अध्यक्ष आपले संकल्प सांगतात, प्रांतपाल शुभेच्छा देतात आणि वर्षभरात किती निधी उभा करायचा याचा आकडा बहुधा त्याच दिवसांत ठरतो. या पद्धतीचा मला आदर आहे. दरवर्षी नव्या माणसाला संधी मिळते, कुणी खुर्चीला चिकटून बसत नाही, एकाच्या मर्जीवर संस्था चालत नाही. पण ज्यांच्यासाठी आपण पैसा गोळा करतो, त्या आजारी माणसांचे आणि वाढत्या वयाच्या मुलांचे वर्ष जूनअखेर संपत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला जुलैतही डायलिसिस लागते. अकरावीला मदत मिळालेली मुलगी पुढच्या वर्षी बारावीला असते आणि तिची खानावळ तशीच सुरू असते. क्लबच्या निधीचे, त्यातही पावतीपुस्तके आणि जमाखर्च यांचे काम बरीच वर्षे केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. पहिल्या वर्षाचा पैसा उभा करणे फारसे अवघड नसते. गावात कळकळ असते, नव्या कामाचा उत्साह असतो, फोटो असतो, बातमी असते. कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षाच्या पैशाची. क्लबने झोळी घेऊन बाहेर पडावे ते या दुसऱ्या वर्षासाठी, आणि तसे स्पष्ट सांगून.

पैसा येतो कसा, ते आधी पाहू. आपल्याकडे क्लबांची ठरलेली साधने आहेत. स्मरणिका काढायची, नाटकाचा किंवा गाण्याचा मदतनिधी कार्यक्रम लावायचा, दिवाळीत फराळ आणि पणत्या विकायच्या, आनंदमेळा भरवायचा, अलीकडे पहाटेची मॅरेथॉन. प्रत्येक साधनाचे स्वतःचे गणित असते. नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट प्रयोग घेतला की नाट्यसंस्थेची ठरलेली रक्कम, नाट्यगृहाचे भाडे, छपाई, चहापाणी हे सगळे आधी वजा जाते. जमलेला गल्ला आणि हातात उरलेली शिल्लक यांत मोठे अंतर असते. मंचावरून मात्र बहुतेक वेळा गल्ल्याचा आकडा जाहीर होतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढा पैसा रुग्णांपर्यंत पोहोचला असे वाटते. तिकिटे खपतात ती सभासदांच्या ओळखीवर. घेणाऱ्यांतले कितीतरी जण प्रयोगाला येतच नाहीत, पुढच्या रांगा रिकाम्या राहतात. स्मरणिकेचेही तेच. मलपृष्ठ, पूर्ण पान, अर्धे पान असे दर ठरतात आणि सभासदाला माल पुरवणारे व्यापारी, त्याचे अशील, त्याचे कंत्राटदार त्याच्या शब्दाखातर जाहिरात देतात. यात गैर काही नाही. पण हा पैसा कामाशी बांधलेला नसून माणसाशी बांधलेला आहे, हे ओळखले पाहिजे. त्या दुकानदाराला आपली जाहिरात डायलिसिससाठी होती की शाळेच्या बाकांसाठी, हे ठाऊक नसते. कुणी सांगितलेलेही नसते. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतात, शब्द टाकणारा बदलतो आणि तो पैसा आटतो.

माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ इथे आहे. पैसा ज्या रीतीने येतो त्या रीतीनेच तो खर्च होतो. एकदाच येणारा पैसा एकदाच घेता येईल अशा वस्तूकडे धावतो. हातात सहा-सात लाख रुपये आहेत, वर्ष संपायला तीन महिने उरले आहेत आणि पुढच्या वर्षी किती मिळतील याचा भरवसा नाही, अशा वेळी कोणताही प्रामाणिक अध्यक्ष काय करील? तो एखादे यंत्र घेईल, रुग्णवाहिका घेईल, शाळेला ई-लर्निंगचा संच देईल. तंत्रज्ञाचा पगार तो कबूल करणार नाही, कारण पुढच्या जुलैत तो कोण देणार हे त्याला सांगता येत नाही. म्हणजे यंत्रांची हौस हा माणसांचा दोष नाही. ज्या पैशावर आपण क्लब चालवतो त्याच्या जातीचा हा परिणाम आहे, आणि म्हणून दुरुस्तीही पैसा मागण्याच्या पद्धतीपासूनच व्हायला हवी.

डायलिसिसचे उदाहरण नीट उलगडून पाहण्यासारखे आहे, कारण महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत क्लबांनी हे काम मनापासून केले आहे. रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा यंत्रावर बसावे लागते, दर वेळी सुमारे चार तास. एक यंत्र दिवसाला दोन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस चालले तर बारा वेळा मिळतात. तीनदा येणारे असतील तर त्या यंत्रावर चार रुग्ण बसतात, दोनदा येणारे असतील तर सहा. लोकार्पणाच्या भाषणात ‘शेकडो रुग्णांना लाभ’ असे शब्द सहज येऊन जातात, पण एका यंत्राचे खरे कुटुंब चार ते सहा माणसांचे असते आणि ती माणसे दर आठवड्याला, वर्षानुवर्षे येणार असतात. आता समजा, क्लबने ठरवले की प्रत्येक वेळेमागे रुग्णाला पाचशे रुपयांची सवलत द्यायची. आठवड्याला बारा वेळा, म्हणजे वर्षाला ६२४ वेळा, म्हणजे वर्षाला तीन लाख बारा हजार रुपये. दोन-सव्वादोन वर्षांत सवलतीचा खर्च यंत्राच्या किमतीला गाठतो. शिवाय शुद्ध पाण्याचे संयंत्र, त्याची देखभाल, डायलायझर आणि नळ्या, वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ. तंत्रज्ञ मोठ्या शहरात जास्त पगारावर निघून जातो आणि यंत्र झाकून ठेवावे लागते, हे कुठल्या एका गावाचे दुखणे नाही. यंत्रावर देणगीदाराचे नाव आहे, फित कापतानाचा फोटो कार्यालयात आहे, आणि रुग्ण एस.टी.ने साठ किलोमीटरवरच्या रुग्णालयात जातो आहे. हे घडू नये असे वाटत असेल तर यंत्राच्या पैशाबरोबरच, किंवा त्याच्याही आधी, निदान तीन वर्षांच्या चालू खर्चाची वर्गणी उभी राहिली पाहिजे. ती उभी राहत नसेल तर यंत्र घेऊ नये, इतके कठोर मी म्हणेन.

याच्या उलट, नेत्रशिबिरांना जे यश मिळाले त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. हेलन केलर यांनी १९२५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून दृष्टी हा त्या संघटनेचा विषय झाला. आपल्याकडे गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे झाली. पूर्वी शस्त्रक्रिया शाळेच्या खोल्यांत होत. जंतुसंसर्गाचा धोका लक्षात आल्यावर शिबिरात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही पद्धत रुजली. मोतीबिंदू हा एका शस्त्रक्रियेने सुटणारा आजार आहे. तपासणी, गाडीने नेणे, भिंग बसवणे, परत आणणे, थोड्या आठवड्यांनी डोळा पाहणे, गरज पडल्यास चष्मा, की काम पूर्ण झाले. वर्षाची मुदत असलेल्या क्लबला असे काम शोभते आणि पेलते. या यशावरून मात्र एक चुकीचा निष्कर्ष निघाला, की शिबिर हीच आरोग्यसेवेची रीत. मग तोच साचा रक्तातल्या साखरेला आणि रक्तदाबाला लावला गेला. सकाळी बोटाला सुई टोचून आकडा लिहून दिला जातो. ज्याचा आकडा वाढलेला निघतो त्याला ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून घरी पाठवतात. पण मधुमेह हा तपासणीने किंवा एका गोळीच्या पाकिटाने संपणारा आजार नव्हे. त्याला आयुष्यभर औषध, दर काही महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पावले पाहणे लागते. हजार लोकांची तपासणी केल्याचे क्लबच्या अहवालात येते. त्यातल्या किती जणांचे औषध सहा महिन्यांनी सुरू होते, ही ओळ अहवालात नसते, कारण तिच्यासाठी पैसाच राखलेला नसतो. हजारांऐवजी शंभर जणांची तपासणी करावी आणि वाढलेल्या साखरेचे जे निघतील त्यांच्या पाठीशी दोन वर्षे राहावे. आकडा लहान दिसेल, काम मोठे होईल.

तरुणांच्या कामात हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. रोटरीच्या इंटरॅक्ट, रोटरॅक्ट, लायन्सच्या लिओ क्लबांनी मुलांना सभेत बोलायला, हिशेब मांडायला, जबाबदारी घ्यायला शिकवले, याबद्दल शंका नाही. या मंडळांचे बळ ती दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरतात यात आहे. तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिरातून मुले भारावून परततात, आणि महिन्याभरानंतर त्यांच्याशी बोलणारे कुणी नसेल तर तो भर ओसरतो. शिष्यवृत्तीचे तर स्पष्टच सांगायला हवे. दहावीला चांगले गुण मिळवलेल्या गरीब मुलांचा सत्कार करून धनादेश देण्याची प्रथा सर्वत्र आहे. पहिल्या वर्षी मदत मिळाल्याच्या भरवशावर ती मुले शहरात येतात, खोली घेतात, डिप्लोमाला नाव घालतात. दुसऱ्या वर्षी क्लबचा विषय बदललेला असतो. शिक्षणशुल्काची काही सोय सरकारी शिष्यवृत्तीतून होते, ती उशिरा का होईना हाती येते. पण खानावळीचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागतात. मुले शिक्षण सोडतात ती बऱ्याचदा या पाच तारखेपायी. अर्धवट सुटलेले शिक्षण त्या घराला कधीच सुरू न झालेल्या शिक्षणापेक्षा महाग पडते, कारण मधल्या काळात त्यांनी कर्ज काढलेले असते. पन्नास मुलांना एकेकदा धनादेश देण्यापेक्षा पंधरा मुलांची खानावळ शिक्षण पुरे होईपर्यंत चालवणे हे मला अधिक जबाबदारीचे वाटते. वह्यावाटपाला माझा विरोध नाही. फक्त त्याच्यावर क्लबची शक्ती खर्ची पडावी असे मला वाटत नाही.

आरोग्य आणि तरुण मुली हे दोन्ही विषय जिथे एकत्र येतात ते काम म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ साली आल्यावर अनेक क्लबांनी शाळांमधून हे काम हाती घेतले आणि ते कौतुकास्पद आहे. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना ठरलेल्या पद्धतीने दोन मात्रा द्यायच्या असतात, मध्ये सहा महिन्यांचे अंतर. आता तारखा पाहा. शाळेची परवानगी, पालकसभा, शंकानिरसन यांत पहिले सत्र जाते आणि पहिली मात्रा जानेवारीत पडते. दुसरी येते जुलैत. म्हणजे नव्या अध्यक्षांच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा खात्यात शिल्लक सर्वांत कमी असते आणि मनात नवे संकल्प असतात. काही मुलींनी तोवर शाळाही बदललेली असते. एक मात्राही पुरेसे संरक्षण देऊ शकते असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली म्हटले, हे खरे. पण कोणत्या वयाला किती मात्रा द्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, खजिनदाराच्या शिल्लकेने ठरवायचे नसते. ज्या क्लबने दोन मात्रांचे वेळापत्रक स्वीकारले त्याने दोन्ही मात्रांचे पैसे पहिली सुई टोचण्याआधी वेगळे काढून ठेवावेत. हा नियम साधा आहे, आणि तो पाळणाऱ्या क्लबांच्या याद्यांत दुसऱ्या रकान्यातही तारखा भरलेल्या दिसतात.

वर्षागणिक पदाधिकारी बदलणाऱ्या संघटनेला दीर्घ काम जमणारच नाही, असा निराशेचा सूर कुणी काढला तर त्याला पोलिओचे उत्तर आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस ही मोहीम जाहीर केली तेव्हा १२ कोटी डॉलर जमवण्याचे ठरले होते. १९८८पर्यंत त्याच्या दुप्पट, सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलरची वचने आली. त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. भारतात पल्स पोलिओचे रविवार १९९५पासून सुरू झाले. बूथ, शीतपेट्या, बोटावरची शाई, घरोघर फेरी, हे वर्षानुवर्षे चालले. आणि २००९ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतर, देशात ७४१ रुग्ण सापडले. जगात त्या वर्षी सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे आपले होते. नव्या कामाच्या ओढीने चालणारी संघटना तिथे थांबली असती, तिने विषय बदलला असता. पैसा येत राहिला, माणसे येत राहिली. २०१० साली रुग्ण ४२ झाले. २०११ साली एकच, १३ जानेवारीचा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. अर्थात हे यश सरकारचे, आरोग्यसेविकांचे, जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनिसेफचेही आहे. क्लबांनी एकट्यांनी ते मिळवले असे कुणी म्हणू नये. पण १९८५पासून २०११पर्यंत क्लबाक्लबांत अध्यक्ष दरसाल बदलले आणि पोलिओचा निधी बदलला नाही, ही गोष्ट खरी आहे. ते शक्य झाले, कारण तो निधी कुठल्याही एका अध्यक्षाचा नव्हता. त्याचे खाते वेगळे, त्याचा हिशेब वेगळा, आणि दरवर्षी त्यात काही घालायचे हा संघटनेचा शिरस्ता.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत आधी ऐकू येते ते हे, की देणगीदाराला डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी असते, पगारासाठी आणि औषधासाठी कोण पैसे देणार? अनुभवाच्या नावाखाली हे इतक्यांदा सांगितले जाते की ते खरे वाटू लागते. आपला मराठी इतिहास मात्र वेगळे सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी गावोगावच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढले, तो मुष्टिफंड इमारतीसाठी नव्हता, वसतिगृहातल्या मुलांच्या रोजच्या भाकरीसाठी होता. गरज रोजची होती म्हणून वर्गणीही रोजची ठेवली, आणि ती ज्यांच्याकडे फोटोपुरतेही पैसे नव्हते अशा घरांतून आली. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड एकेका पैशातून वाढला आणि त्यातून तळेगावला १९०८ साली काचकारखाना उभा राहिला. आजही अनाथाश्रमांत आणि वसतिगृहांत वडिलांच्या तिथीला, मुलीच्या वाढदिवसाला जेवण देण्याची प्रथा आहे. कायम ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी मुलांना गोडाधोडाचे जेवण. हे जेवण दुपारी संपून जाते, मागे कोनशिला उरत नाही, तरी घरे पिढ्यान्‌पिढ्या ही ठेव चालवतात. म्हणजे आपल्या माणसांना चालू खर्चासाठी द्यायला आवडत नाही हे खरे नाही. त्यांना त्यासाठी विचारले जात नाही. आईच्या स्मरणार्थ एका रुग्णाचे एक महिन्याचे डायलिसिस, एका मुलाची वर्षाची खानावळ, दहा मुलींची दुसरी मात्रा, असे एकक ठरवून मागितले तर देणारा देतो. आणि त्याला वर्षअखेर एक साधे पत्र गेले, की तुमच्या पैशातून इतक्या वेळा, इतके रुपये, अमुक तारखेपर्यंत, तर तो दुसऱ्या वर्षी न मागता देतो. असे पत्र लिहायला खजिनदाराची एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ संगीत रजनीच्या तयारीपेक्षा अधिक पैसे आणते, असे माझे ठाम मत आहे.

करसवलतीचाही उल्लेख करायला हवा, कारण पावती फाडताना ‘८०जी आहे का’ हा प्रश्न हमखास येतो. ही नोंदणी असलीच पाहिजे आणि देणगीचे प्रमाणपत्र वेळेवर गेलेच पाहिजे. पण नवी करप्रणाली निवडणाऱ्या पगारदाराला ही वजावट मिळत नाही आणि अशांची संख्या वाढते आहे. करासाठी देणाऱ्यावर उभा केलेला निधी त्यामुळे यापुढे अधिकच डळमळीत होणार. कामाची खात्री पटून देणारा माणूस मात्र करप्रणाली बदलली म्हणून हात आखडता घेत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी योजनांचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव आहेत. मग क्लबने पैसा कशाला गोळा करायचा? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणून तो मला उपयोगी वाटतो. ज्या शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून मिळतो तिच्यासाठी क्लबने पुन्हा पैसा जमवू नये. पण योजना जिथे थांबते तिथे माणूस अडलेला असतो. रेशनकार्डावर मुलाचे नाव नाही, दाखल होण्याआधीच्या चाचण्यांचे पैसे नाहीत, गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून मुंबईला आलेल्या बापाला रात्री झोपायला जागा नाही, त्याची रोजंदारी बुडते आहे. शस्त्रक्रिया मोफत असूनही ती होत नाही ती या चिल्लर खर्चापायी. रुग्णालयाच्या दारात बसून कागद पुरे करून देणारी एक प्रशिक्षित व्यक्ती पगारावर ठेवणे, हे क्लबचे आरोग्यासाठीचे सर्वांत फलदायी काम ठरू शकते. त्याला लोकार्पण नसते. त्याला दर महिन्याला पगार लागतो, म्हणजे पुन्हा तोच दुसऱ्या वर्षाचा पैसा.

तिसरा आक्षेप उद्योगांच्या पैशाचा. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. एवढा पैसा उपलब्ध असताना फराळ विकून आणि शंभर-शंभरच्या पावत्या फाडून काय साधणार, असे तरुण सभासद विचारतात. त्यांचा उत्साह योग्य आहे, कंपन्यांकडे जरूर जावे. पण या पैशाचा स्वभाव ओळखून जावे. चालू प्रकल्प म्हणून तो मंजूर झाला तरी सुरुवातीच्या वर्षापुढे तीन वर्षांची मर्यादा असते. कंपनीचा कारखाना जिथे असेल त्या भागाला साहजिकच झुकते माप मिळते. आणि २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानाचेही असेच आहे. तिथे किमान ३० हजार डॉलरचा प्रकल्प लागतो, अनुदान संपल्यावर हे काम कसे टिकणार असा प्रश्न अर्जातच विचारला जातो, आणि दुसऱ्या संस्थेचा नेहमीचा कारभारखर्च त्यातून चालवता येत नाही. या मोठ्या पैशांतून उभारणी होते. टिकवण्याचा पैसा गावातूनच यावा लागतो, तो दुसरीकडून येण्याची सोयच नाही. म्हणून शंभरच्या पावतीला मी गौण मानत नाही. दर महिन्याला शंभर देणारी अडीचशे घरे म्हणजे वर्षाला तीन लाख रुपये. वर काढलेल्या हिशेबातली एका डायलिसिस यंत्राची वर्षाची सवलत जवळजवळ तेवढीच आहे.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसा राखून ठेवायचा म्हणजे आज दारात उभ्या असलेल्या रुग्णाला नाही म्हणायचे. बँकेत ठेव वाढते आहे आणि बाहेर माणूस तडफडतो आहे, हे कोणत्या सेवेत बसते? याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तातडीच्या मदतीसाठी काही रक्कम मोकळी ठेवलीच पाहिजे, आणि कायम निधी हेच ध्येय बनून बसलेल्या संस्थाही आहेत, जिथे विश्वस्तांना व्याजाचा दर तोंडपाठ असतो आणि लाभार्थी कमी होत जातात. माझा आग्रह ठेवीसाठी नाही, वचनासाठी आहे. ज्या चार रुग्णांना आपण यंत्रावर घेतले, ज्या पंधरा मुलांना शहरात बोलावले, त्यांच्याशी आपण बोलून गेलो आहोत. त्यांच्या वाट्याचा पैसा नव्या अर्जदाराला देणे म्हणजे एकाचे सोडून दुसऱ्याला धरणे. नव्याला नाही म्हणताना यातना होतात, त्या सोसाव्या लागतात. मागच्याला मध्येच सोडले की त्याला आणखी कुणाकडे जाण्याची वेळही निघून गेलेली असते.

व्यवहारात यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. क्लबचे खाते आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचे खाते वेगळे ठेवावे. सभासदांची जेवणे, सहली आणि समारंभ पहिल्यातून, लोकांनी दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्यात. न्यासाच्या विश्वस्तांची मुदत तीन ते पाच वर्षांची असावी आणि ती एकदम संपू नये. कार्यक्रमाचा हिशेब जाहीर करताना गल्ला, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे सांगावेत. मागच्या वर्षी देऊन याही वर्षी दिलेल्यांची संख्या प्रत्येक सभेत वाचली जावी. निधी संकलन सुधारते आहे की नाही हे त्या एका संख्येवरून कळते, एकूण रकमेवरून कळत नाही. आणि जूनच्या शेवटच्या सभेत मावळत्या अध्यक्षांनी येणाऱ्या अध्यक्षांच्या हाती पदकाबरोबर एक कागद द्यावा: पुढच्या वर्षी कोणत्या रुग्णांचे, कोणत्या मुलांचे, कोणत्या तारखांना किती पैसे द्यायचे आहेत आणि त्यांपैकी किती आजच बाजूला काढलेले आहेत. नव्या संकल्पांची घोषणा त्या कागदाखाली सही झाल्यावर व्हावी.